गळ्याचे इमान : पॅट्सी क्लाइन आणि तिची प्रेमगीते



ज्या संगीतप्रेमी सद्गृहस्थांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या नावाने उभ्या राहिलेल्या या व्यासपीठावरून ध्रुपद-धमारापासून नाट्यसंगीतापर्यंत नाना विषयांची विद्वज्जनांनी साधार चर्चा केलेली आहे. आणि त्या मालिकेत एका अमेरिकन गायिकेच्या जेमतेम पावणेतीन मिनिटांच्या प्रेमगीताला जागा मागणे काहींना धारिष्ट्याचे वाटेल, याची मला पूर्ण जाणीव आहे. तरीही विषयाची निवड चालकांनी माझ्यावर सोपवली तेव्हा मी हाच विषय घेतला. लोकप्रिय प्रेमगीत आपण सर्वजण ऐकतो, त्यातले काही जन्मभर जिवापाड जपतो, आणि विचार करण्याची वेळ आली म्हणजे मात्र त्याला ओसरीवरच थांबवून ख्यालगायनाला तेवढे आदराने माजघरात नेतो. हा पंक्तिप्रपंच न्याय्य नाही, असे माझे फार दिवसांचे मत आहे, आणि ते आज आपल्यापुढे यथाशक्ती मांडावे अशी इच्छा आहे.

या गीतप्रकाराविषयी दोन समज रूढ आहेत. पहिला असा की, जे गीत बाजारासाठी, तबकड्यांच्या खपावर नजर ठेवून, पगारी गीतकाराकडून लिहवून घेतले आणि तासांवर मोबदला घेणाऱ्या वादकांच्या साथीने ध्वनिमुद्रित केले, त्यात खरी भावना असणे संभवतच नाही. दुसरा समज वरवर पाहता याच्या नेमका उलट आहे: एखादे गीत काळजाला भिडलेच, तर ते गाणाऱ्याने तेच दुःख प्रत्यक्ष भोगलेले असले पाहिजे, आणि म्हणून गीताचा अर्थ त्याच्या चरित्रात धुंडाळला पाहिजे. मला हे दोन्ही समज एकाच मुळातून फुटलेले दिसतात, कारण कारागिरी आणि सचोटी यांचे जन्मजात वैर आहे हे दोहोंतही गृहीत धरलेले आहे. पॅट्सी क्लाइन हिच्या चार-पाच गाजलेल्या ध्वनिमुद्रिकांची, विशेषतः १९६१ साली तिने गायिलेल्या 'क्रेझी' या गीताची हकीकत पाहिली म्हणजे हे गृहीतक टिकत नाही. प्रेमगीतातला खरेपणा आयुष्यातून आयता मिळत नाही. तो गळ्यात घडवावा लागतो, आणि तो घडवणे हे इमानाचे काम आहे, एवढेच माझे आजचे प्रतिपाद्य आहे.

पॅट्सी क्लाइनचे जन्मनाव व्हर्जिनिया पॅटरसन हेन्सली. व्हर्जिनिया राज्यातील विंचेस्टर या गावी ८ सप्टेंबर १९३२ रोजी तिचा जन्म झाला. वडील लोहारकाम करणारे, आई हिल्डा शिवणकामात निष्णात. मुलगी पंधरा-सोळा वर्षांची असताना वडिलांनी घर सोडले, तेव्हा शाळेला रामराम ठोकून तिने औषधांच्या दुकानातील सरबताच्या गल्ल्यावर नोकरी धरली, आणि दिवसा गिऱ्हाइकांना पेये भरून द्यायची, रात्री जिथे बोलावतील तिथे गायचे, असा क्रम आरंभला. स्वरलेखन वाचण्याचे शिक्षण तिला कधीच मिळाले नाही. जे शिकली ते कानाने. लहानपणी झालेल्या एका कठीण तापातून उठल्यावर आपला आवाज असा भारदस्त झाला, असे ती सांगत असे. त्या सांगण्याचे वैद्यकीय प्रामाण्य काहीही असो, खर्जाकडे झुकलेला, रुंद आणि वर चढतानाही पातळ न होणारा तो आवाज हे तिचे एकमेव भांडवल होते. रंगमंचावर घालायचे झालरींचे, गुराखिणीच्या धाटणीचे पोशाख आई घरीच शिवून देई. हा तपशील मी मुद्दाम सांगतो आहे, कारण त्या पोशाखाचा आणि तिच्या गाण्याचा पुढे एक झगडा व्हायचा आहे.

१९५४ साली तिने 'फोर स्टार' नावाच्या ध्वनिमुद्रण कंपनीशी करारनामा केला. त्या करारातील एक शर्त फार जाचक होती: त्या कंपनीच्या मालकीची, म्हणजे तिच्याच प्रकाशनसंस्थेच्या दफ्तरी नोंदलेली गीतेच गायिकेने गावीत. मोबदल्याचा दर अल्प, वर वेळोवेळी घेतलेली उचल अंगावर चढत जाणारी. अशा स्थितीत तिने पुढील पाच-सहा वर्षांत पन्नासावर गीते ध्वनिमुद्रित केली, आणि त्यांपैकी खऱ्या अर्थाने लोकांच्या ओठांवर बसले ते अवघे एक. गळा तोच, गाणारी तीच, ध्वनिमुद्रणावर देखरेख करणारा ओवेन ब्रॅडली हा गृहस्थही पुष्कळदा तोच. परंतु शब्द आणि चाल यांचे दारिद्र्य नुसत्या आवाजाच्या श्रीमंतीने भरून निघत नाही, हे त्या पन्नास गीतांनी कायमचे सिद्ध करून ठेवले आहे. केवळ सोसलेल्या हालअपेष्टांतून गाणे थोर होत असते, तर तिच्या विपन्नावस्थेतील ही गीतेच सर्वांत थोर ठरायला हवी होती.

लोकांच्या ओठांवर बसलेले ते एक गीत म्हणजे 'वॉकिन् आफ्टर मिडनाइट'. मध्यरात्र उलटल्यावर प्रियकराच्या शोधात एकटीच चालत निघालेली स्त्री हा त्याचा विषय. मुळात ते दुसऱ्याच एका प्रथितयश गायिकेसाठी रचलेले होते, आणि पॅट्सीला ते आवडलेले नव्हते. २१ जानेवारी १९५७ रोजी आर्थर गॉडफ्री याच्या दूरचित्रवाणीवरील प्रतिभाशोधाच्या कार्यक्रमात ती उभी राहिली, तेव्हा तिला गायचे होते वेगळेच गीत आणि घालायचा होता आईने शिवलेला गुराखिणीचा पोशाख. कार्यक्रमाच्या चालकांनी दोन्हींना नकार दिला. शहरी समारंभात शोभेल असा झगा घाल आणि हे मध्यरात्रीचे गीत गा, असा त्यांचा आग्रह पडला. तिने नाखुशीने मान तुकवली, स्पर्धा जिंकली, आणि ते गीत ग्रामीण संगीताच्या यादीत दुसऱ्या व सर्वसाधारण लोकप्रिय संगीताच्या यादीत बाराव्या स्थानापर्यंत चढले. आवडत नसलेले गीत स्वतःचे करून दाखवण्याचा जो धडा तिला तिथे मिळाला, त्याची पुढे दोनदा उजळणी व्हायची होती.

त्या काळच्या नॅशव्हिलविषयी चार शब्द सांगितल्यावाचून पुढील भाग कळणार नाही. टेनेसी राज्यातील हे शहर अमेरिकेतील ग्रामीण संगीताची, त्यांच्या भाषेत 'कंट्री म्युझिक'ची, राजधानी मानले जाई. १९५५-५६ नंतर रॉक अँड रोलची लाट आली, तरुण गिऱ्हाईक तिकडे वळले आणि ग्रामीण संगीताच्या तबकड्यांचा खप झपाट्याने उतरला. तेव्हा डेका कंपनीचा ओवेन ब्रॅडली आणि आरसीए कंपनीचा चेट ॲटकिन्स यांच्यासारख्या ध्वनिमुद्रण-सूत्रधारांनी एक मध्यममार्ग काढला. खेड्यातील फिडल आणि स्टील गिटार यांचा टणत्कार मागे सारला, व्हायोलिनांचा समूह आणि गुणगुणणारा गायकवृंद पुढे आणला, आणि निवेदनाला शांत, नागरी वळण दिले. आपल्याकडे रेडिओवर जुनी इंग्रजी गाणी ऐकणाऱ्या पिढीच्या कानांत जिम रीव्हज याचा मखमली आवाज अजून असेल. तो याच नॅशव्हिल-पद्धतीचा नमुना. या पद्धतीवर तेव्हाही टीका झाली आणि आजही होते, की तिने मातीचा वास पुसून टाकला. टीकेत तथ्यांश आहे. परंतु ज्या आवाजातच मातीचे मूळ आहे, त्याच्याभोवती ही नागरी चौकट उभी केली म्हणजे काय घडते, याचा विचार ते टीकाकार करीत नाहीत.

ब्रॅडली-बंधूंचा ध्वनिमुद्रण-कक्ष सोळाव्या अव्हेन्यूवरील एका जुन्या घराला जोडून उभा होता. सैन्याच्या शिलकी मालातून घेतलेली, अर्धवर्तुळाकार पत्र्याच्या छपराची ती शेड. तिला 'क्वान्सेट हट' म्हणत. बाहेरून धान्याचे गुदाम वाटावे अशा त्या जागेत ठरलेल्या वादकांचा एक संच नित्य काम करी: पियानोवर फ्लॉइड क्रेमर, बासवर बॉब मूर, तालवाद्यांवर बडी हार्मन, गिटारवर ओवेनचा भाऊ हॅरॉल्ड ब्रॅडली, आणि साथीच्या गायनाला 'जॉर्डनेअर्स' हे चौघांचे मंडळ. तीन तासांची एक बैठक, आणि तेवढ्या अवधीत सामान्यतः चार गीते पुरी करायची, असा तिथला दस्तूर. लिहिलेली स्वरलिपी बहुधा नसे. जॉर्डनेअर्समधील नील मॅथ्यूज याने स्वरसमूहांना आकडे देण्याची एक सुटसुटीत रीत बसवली होती. तिच्यामुळे गायिकेने ऐन वेळी पट्टी बदलली तरी कागद बदलावा लागत नसे. षड्ज कोणत्याही पट्टीत धरून तेच गाणे गाता येते, ही गोष्ट आपल्याकडील पेटीवाल्याला नवी नाही. म्हणून त्या मंडळींच्या कामाची चपळाई आपल्याला चटकन उमजते. एकमेकांचा श्वास ओळखणारे हे वादक होते, आणि या प्रेमगीतांच्या यशातील त्यांचा वाटा रोजंदारीच्या हिशेबात मावणारा नाही.

१९६० साली जुना करार संपला, आणि पॅट्सी थेट डेका कंपनीकडे आली. त्याच वर्षी १६ नोव्हेंबरला तिने 'आय फॉल टू पीसेस' हे गीत ध्वनिमुद्रित केले. हँक कॉक्रन आणि हार्लन हॉवर्ड यांची ही रचना. ज्याच्याशी आता केवळ मैत्रीचे नाते ठेवायचे ठरले आहे, तो समोर आला की स्त्रीचा सारा निग्रह कोसळतो, एवढाच तिचा आशय. दुसऱ्या गायकांनी नाकारलेले हे गीत होते. आणि पॅट्सीची हरकत अशी की, जॉर्डनेअर्सच्या चार पुरुषी आवाजांखाली आपला आवाज बुडेल. ब्रॅडलीने तिची समजूत घातली. आज ती मुद्रिका ऐकताना कळते की, त्या चौघांनी तिच्याभोवती एक अदबशीर अंतर राखले आहे: ते तिचे वाक्य पुरे होऊ देतात, मग हळूच हुंकार भरतात. तिच्या मनातील कोसळणे आणि बाहेरील सभ्यता यांतला ताण त्यामुळे ऐकू येतो. प्रथम धिम्या गतीने चाललेले हे गीत महिन्यांमागून महिने चढत गेले, आणि १९६१च्या ऑगस्टमध्ये ग्रामीण संगीताच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचले.

परंतु त्या यशाचा उपभोग घेण्याच्या स्थितीत ती नव्हती. १४ जून १९६१ रोजी नॅशव्हिलमध्ये समोरून आलेल्या मोटारीशी तिच्या मोटारीची टक्कर झाली, आणि ती समोरच्या काचेतून बाहेर फेकली गेली. कपाळावर खोल जखम, मनगट मोडलेले, मांडीचा सांधा निखळलेला. महिनाभर इस्पितळात काढल्यावर ती कुबड्यांवर बाहेर पडली. कपाळावरील व्रण झाकण्यासाठी पुढे केसांचे टोप आणि पट्ट्या वापराव्या लागल्या. ती इस्पितळात असताना लोरेटा लिन नावाच्या, तेव्हा नवख्या असलेल्या गायिकेने रात्रीच्या रेडिओ-कार्यक्रमात तिचेच गीत तिला उद्देशून गायिले. पॅट्सीने ते ऐकले आणि त्या मुलीला भेटीस बोलावून घेतले. त्या भेटीतून जडलेला स्नेह अखेरपर्यंत टिकला, आणि लिन हिच्या आत्मकथनावरून निघालेल्या १९८०च्या 'कोल मायनर्स डॉटर' या चित्रपटामुळे पुढील पिढीलाही त्याची ओळख झाली.

आता 'क्रेझी'. हे गीत विली नेल्सन याचे. टेक्ससहून नॅशव्हिलला आलेला हा तरुण कॉक्रनच्या शब्दामुळे एका प्रकाशनसंस्थेत आठवड्याला पन्नास डॉलरच्या मुशाहिऱ्यावर गीतकार म्हणून रुजू झाला होता. गायकवर्गाची ऊठबस असलेल्या टूट्सीज नावाच्या मद्यगृहात त्याची पॅट्सीच्या यजमानांशी, चार्ली डिक यांच्याशी, गाठ पडली. त्यांनी त्याच रात्री त्याला आणि त्याच्या गीताला घरी नेले, असे ती मंडळी पुढे सांगत असत. नेल्सनची ती रचना ग्रामीण संगीताच्या मानाने असाधारण होती. तीन-चार स्वरसमूहांवर भागवणाऱ्या त्या परंपरेत त्याने जाझच्या वळणाचे अनेक स्वरसमूह आणले होते, आणि तो स्वतः गाताना तालाच्या पुढेमागे हेलकावत, बोलल्यासारखा गात असे. त्याच्या गाण्याचा नमुना ऐकून पॅट्सी त्रासली: हे असे आपल्याला गाता येणार नाही, आणि गायचेही नाही. तिसऱ्यांदा तोच प्रसंग, तीच नाराजी. आणि तिसऱ्यांदा तिच्या नाराजीतूनच वाट निघाली. नेल्सनची लकब टाकून द्यायची, चाल सावकाश करायची, आणि गायिकेला तिच्या स्वभावाप्रमाणे स्वर धरून ठेवायला जागा द्यायची, असे ब्रॅडलीने ठरवले.

२१ ऑगस्ट १९६१ची ती बैठक. अपघाताला दोन महिने झालेले, फासळ्यांतील ठणका गेलेला नव्हता, आणि गीतातील वरच्या स्वरांना भरपूर दम लागतो. ती कुबड्या घेऊन आली, उभी राहिली, पुनःपुन्हा गायली. वर गेली की वेदनेने स्वर तुटे. ज्या अवधीत चार गीते पुरी व्हायची, त्याहून अधिक, म्हणजे सुमारे चार तास, या एकाच गीतावर गेले, आणि तरीही गाण्याची बाजू मनासारखी साधली नाही. तेव्हा ब्रॅडलीने वाद्यांचे मुद्रण राखून ठेवले आणि तिला घरी पाठवले. काही आठवड्यांनी बरगड्या भरून आल्यावर ती परत आली, आणि राखून ठेवलेल्या साथीवर तिने पहिल्याच प्रयत्नात सबंध गीत गाऊन टाकले. आज गायकाने वादकांपासून वेगळे गाणे ही नित्याची बाब झाली आहे. त्या काळी त्या शेडमध्ये सर्वांनी एकत्र उभे राहून गाणे-वाजवणे हाच शिरस्ता होता, आणि हा अपवाद निरुपायाने करावा लागला होता.

या घटनेचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. जिच्या अंगात त्या दिवशी खरीखुरी वेदना होती, त्या पॅट्सीला ते गीत गाता आले नाही. वेदना ओसरल्यावर, दम पुन्हा हातात आल्यावर, साथीचा प्रत्येक वळसा कानांत मुरल्यावर तिने ते गायिले, आणि साऱ्या जगाला त्यात वेदना ऐकू आली. चरित्र आणि कला यांच्या नात्याविषयी मोठाले ग्रंथ लिहिले गेले आहेत. पण त्या चार तासांच्या फसलेल्या बैठकीइतके स्पष्ट उत्तर मला त्यांत क्वचितच सापडले.

ती मुद्रिका आपण लक्षपूर्वक ऐकू. आरंभी बास आणि तालवाद्ये अगदी हलक्या हाताने चालू लागतात आणि क्रेमरचा पियानो थोडक्यात दार उघडून देतो. मग ती येते. पहिला शब्द दोनच स्वरांचा, वरून खाली उतरणारा. घाईचा गायक त्या उतारावरून घसरून पुढील शब्दावर जाईल. पॅट्सी दुसऱ्या स्वरावर उतरते आणि तिथे उभी राहते. आपल्याकडे विलंबित लयीत बोल टाकल्यावर गवई न्यासावर जसा विसावतो, तसा तो विसावा आहे, आणि त्या विसाव्यात गीताचा निम्मा अर्थ भरलेला आहे. कारण स्वतःला वेडी म्हणवून घेणारी ही स्त्री भ्रमात नाही. आपण ज्याच्यावर प्रेम करतो तो दुसरीकडे जाणार हे तिला ठाऊक होते, आहे, आणि ठाऊक असूनही तिचे प्रेम सुटलेले नाही. मधल्या कडव्यात ती स्वतःलाच प्रश्न करते, तेव्हा आवाज वर चढतो, भरतो, आणि आता फुटणार असे वाटते त्या क्षणी ती तो आवरते. वाक्याच्या शेवटी स्वराला दिलेली बारीकशी मुरड, स्वर संपताना येणारा किंचितसा हुंदका, हे अलंकार तिला ग्रामीण परंपरेने दिलेले होते. पण सबंध गीतात ती ते मोजून वापरते. शेवटी आपल्या वेडेपणाची कारणे ती एकामागून एक मोजते, तेव्हा जॉर्डनेअर्स तिच्यामागे जवळजवळ दिसेनासे झालेले असतात, आणि क्रेमरची बोटे तिच्या दोन वाक्यांमधील जागा तेवढी भरत राहतात. कुठेही आक्रोश नाही, कुणावर आरोप नाही. भावनेचा पूर जितका मोठा, तितका बांध पक्का, हा या गायनाचा धर्म आहे.

नेल्सनने पुढल्याच वर्षी आपल्या पहिल्या संग्रहात हेच गीत स्वतः गायिले. तेही गोड आहे, आणि कर्त्याच्या तोंडून असल्यामुळे मोलाचे आहे. पण त्याच्या गाण्यात विचार करणारा पुरुष ऐकू येतो. पॅट्सीच्या गाण्यात विचार करून थकलेली आणि तरीही ताठ उभी असलेली स्त्री. शब्द तेच, स्वरही बहुतांशी तेच. अर्थ बदलला तो स्वरावर थांबण्याच्या आणि श्वास घेण्याच्या जागांनी.

१९६१च्या ऑक्टोबरमध्ये 'क्रेझी' बाजारात आले, ग्रामीण यादीत दुसऱ्या आणि सर्वसाधारण यादीत नवव्या स्थानावर गेले. नोव्हेंबरच्या २९ तारखेला ती न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये नॅशव्हिलच्या मंडळींसह गायली. डिसेंबरात कॉक्रनचेच 'शीज गॉट यू' ध्वनिमुद्रित झाले. त्यातील स्त्रीपाशी प्रियकराच्या साऱ्या वस्तू शिल्लक आहेत, तसबीर आहे, तबकड्या आहेत, अंगठी आहे, आणि तो मात्र दुसरीपाशी आहे. घरातील जिनसांची यादी करावी तसे ते गीत चालते, आणि पॅट्सी ती यादी कोरड्या गळ्याने वाचल्यासारखी सुरू करून शेवटच्या नोंदीपाशी भार टाकते. हे गीत पहिल्या क्रमांकावर गेले.

फेब्रुवारी १९६३मध्ये झालेल्या तिच्या अखेरच्या बैठकांत व्हायोलिनांचा मोठा ताफा होता. डॉन गिब्सनचे 'स्वीट ड्रीम्स' आणि टेक्ससकडील जुनी परिचित चाल असलेले 'फेडेड लव्ह' ही त्या बैठकांतली गीते. यांपैकी दुसऱ्याच्या अगदी शेवटी, अखेरच्या शब्दाआधी, तिने घेतलेला श्वास मुद्रिकेवर स्पष्ट उमटला आहे. काटेकोर तंत्रज्ञाने तो दोष म्हणून काढून टाकला असता. तो राहू दिला गेला, आणि आज रसिक त्या श्वासासाठी ते गीत पुनःपुन्हा ऐकतात. सबंध गीतभर बांध अभंग राखल्यावरच असा एक श्वास ऐकण्याजोगा होतो. जो पहिल्या ओळीपासून हुंदके देत सुटला, त्याचा शेवटचा हुंदका कुणाच्या कानांत राहणार?

त्यानंतर महिन्याच्या आत सारे संपले. अपघाती मृत्यू पावलेल्या एका रेडिओ-निवेदकाच्या कुटुंबाच्या साहाय्यार्थ ३ मार्च १९६३ रोजी कॅन्सस सिटीत झालेल्या कार्यक्रमात ती गायली. परतताना ५ मार्चला, टेनेसीतील कॅमडेन गावाजवळ, तिचे छोटे विमान खराब हवेत कोसळले. तिच्याबरोबर हॉकशॉ हॉकिन्स आणि काउबॉय कोपस हे गायक आणि विमान चालवणारा तिचा व्यवस्थापक रँडी ह्यूज हेही दगावले. ती अवघी तीस वर्षांची होती. मागे दोन लहान मुले. 'स्वीट ड्रीम्स' तिच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले.

अशा मृत्यूनंतर कहाण्या जमतात. तिला मरणाची चाहूल लागली होती, तिने आपल्या वस्तू वाटून टाकल्या होत्या, त्या शेवटच्या गीतांत तिने निरोपच घेतला आहे, असे सांगणारे पुष्कळ निघाले, आणि अनेक श्रोते तिच्या मुद्रिका त्या विमानाच्या सावलीतच ऐकतात. या श्रोत्यांचा गहिवर खोटा आहे असे मी म्हणणार नाही. पण त्याने तिच्यावर अन्याय होतो, हे मला आवर्जून सांगितले पाहिजे. शेवटच्या बैठकांना ती आली ती पुढील अनेक वर्षे गायच्या तयारीने. पट्टी कोणती, व्हायोलिनांनी कुठे यावे, कुठे गप्प बसावे, याविषयी आपल्या सूत्रधाराशी वाद घालणारी, स्वतःच्या कामाचा अभिमान असलेली, कारकिर्दीच्या ऐन भरातली कलावती म्हणून. तिच्या गीतांचा अर्थ तिच्या अपमृत्यूत शोधणे म्हणजे तिने कष्टाने कमावलेले श्रेय दैवाच्या खाती जमा करणे होय. १९७३ साली ग्रामीण संगीताच्या सन्मानगृहात तिचा समावेश झाला, आणि तो मान एकटीच्या बळावर मिळवणारी ती पहिली स्त्री ठरली. १९६७ साली निघालेल्या तिच्या निवडक गीतांच्या संग्रहाचा खप पुढे एक कोटीवर गेला. 'क्रेझी'ची मुद्रिका २००३ साली अमेरिकेच्या काँग्रेस-ग्रंथालयाने राष्ट्रीय ध्वनिमुद्रण-दप्तरात जतनासाठी निवडली. लोकांची सहानुभूती काही वर्षे टिकते; चाळीस वर्षांनंतर जे टिकले आणि अजून टिकून आहे, ते काम होते.

श्रोतेहो, हा विषय आपल्यापासून फार दूरचा नाही. तीन-सव्वातीन मिनिटांच्या तबकडीने आपल्याकडील भावगीतालाही आकार दिला. कवी, संगीतकार, गायक आणि वादक अशा चार हातांनी तेही घडले. आणि त्याच्याही वाट्याला हलके म्हणून उपेक्षा व हळवे म्हणून लाड, हे दोनच उपचार आले. कवीचे नाव आपण घेतो, अलीकडे संगीतकाराचेही घेऊ लागलो आहोत. पण ज्या व्हायोलिनवादकाने दोन ओळींमधील जागा भरली, ज्या तबलजीने ठेका एक कणभर मागे ठेवून गायकाला विसावा दिला, त्याचे नाव आपल्या किती तबकड्यांवर छापलेले आहे? नॅशव्हिलच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये कोणत्या दिवशी कोण काय वाजवत होते, याच्या नोंदी अभ्यासकांनी कागदपत्रे आणि साक्षी जमवून सिद्ध केल्या, म्हणूनच आज आपण क्रेमरच्या बोटांबद्दल बोलू शकलो. आपल्याकडील जुने वादक अजून काही हयात आहेत, काहींच्या घरी हिशेबाच्या वह्या, करारपत्रे, बैठकांची टिपणे असतील. ही सामग्री रद्दीत जाण्यापूर्वी गोळा करणे आणि त्या वादकांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून ठेवणे हे काम आजच्यासारख्या व्याख्यानमाला चालवणाऱ्या संस्थांनी अंगावर घ्यावे, अशी माझी चालकांना नम्र परंतु आग्रहाची विनंती आहे. पॅट्सी क्लाइनने नावडत्या गीतालाही आपले सर्वस्व दिले, मोडलेल्या फासळ्या भरून येईपर्यंत वाट पाहिली पण निकृष्ट स्वर पदरात घातला नाही. प्रेमगीत गाणाऱ्याने श्रोत्याशी राखायचे इमान ते हेच. आणि ऐकणाऱ्याने राखायचे इमान हे की, आपल्याला रडवणाऱ्या स्वरामागे किती माणसांचे काम उभे आहे, हे त्याने नावानिशी जाणून घ्यावे.